डॉक्टर कोणत्या भाषेत शिकतो?

'बी. जे.ला नंबर लागला' हे वाक्य पुण्यातल्या शाळांतून दरवर्षी ऐकू येते. आठवीत ज्याला हृदयाचे चार कप्पे शिकवले, तो मुलगा किंवा मुलगी डॉक्टर होणार, याचा शिक्षकांना आनंद होतो. पण नंबर लागल्यानंतर ही मुले काय शिकतात आणि कशी शिकतात, हे आपण सहसा विचारत नाही.

थोडी चौकशी केली तर एक चमत्कारिक गोष्ट लक्षात येते. प्रवेशासाठीची 'नीट' परीक्षा २०१७ सालापासून मराठीतही देता येते. प्रवेश मिळाल्यावर सगळी पुस्तके, व्याख्याने आणि परीक्षा इंग्रजीत असतात. वॉर्डात पाऊल टाकले की समोरचा रुग्ण पुन्हा मराठीत बोलतो. २०१९ साली देशभर जो नवा अभ्यासक्रम लागू झाला, त्यात पहिल्याच महिन्याच्या पायाभूत वर्गात स्थानिक भाषा शिकवायची सोय केली आहे, कारण तिच्याशिवाय रुग्णाचे म्हणणे समजत नाही.

आम्ही जीवशास्त्रातले संशोधक, डॉक्टर नव्हे. पण शरीराविषयीचे ज्ञान एका भाषेत तयार होते आणि दुसऱ्या भाषेत वापरले जाते, हा अनुभव आमच्याही रोजच्या कामाचा भाग आहे. म्हणून ही रचना आली कुठून, ते शोधावेसे वाटले. शोध घेताना दिसले की आपल्याकडे वैद्यक मराठीतून शिकवले जात होते, तेही एकदा नव्हे तर निदान तीनदा.

पाठशाळा आणि सहा वर्षांची शाळा

पेशवाई संपल्यावर तीनच वर्षांनी, १८२१ साली, पुण्यात विश्रामबागवाड्यात इंग्रज सरकारने संस्कृत पाठशाळा काढली. तिथे न्याय, व्याकरण, ज्योतिष यांच्याबरोबर वैद्यकही शिकवले जाई. हे वैद्यक अर्थातच आयुर्वेदाचे होते.

मुंबईत १८२६ साली निराळ्या प्रकारची शाळा सुरू झाली. जॉन मॅक्लेनन या सर्जनकडे तिची जबाबदारी होती. कंपनी सरकारला लष्करात आणि दवाखान्यांत हाताखाली काम करणारी माणसे हवी होती आणि युरोपातून तेवढे डॉक्टर आणणे परवडणारे नव्हते. तेव्हा इथल्याच तरुणांना युरोपीय वैद्यक इथल्याच भाषांतून शिकवायचे ठरले. त्यासाठी पुस्तके भाषांतरित करायची खटपटही झाली. पण शाळा नीट चालत नाही असे ठरवून १८३२ साली ती बंद करण्यात आली. कलकत्त्यालाही असेच घडले. तिथे देशी भाषांतून शिकवणारी वैद्यकसंस्था १८२२ साली निघाली. १८३५ साली ती बंद झाली आणि तिच्या जागी इंग्रजी माध्यमाचे मेडिकल कॉलेज आले.

त्यानंतर मुंबईचा गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट याने वैद्यकीय महाविद्यालयाची योजना उचलून धरली. ती पुरी झालेली पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. १८३८ साली पुण्याजवळ दापोडीला तो वारला. त्याच्या नावाने मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज उभे राहिले आणि १८४५ साली सुरू झाले. शेजारीच जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून रुग्णालय बांधले गेले. चार्ल्स मोरहेड हा पहिला प्राचार्य. शिक्षण इंग्रजीतून. विद्यार्थ्याने पुस्तक वाचून थांबायचे नाही, रुग्णाच्या खाटेशी उभे राहून शिकायचे, हा त्याचा आग्रह होता. कॉलेज आणि रुग्णालय एका आवारात हवे, ही आज आपल्याला साहजिक वाटणारी गोष्ट त्यातून रुजली. १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांत भाऊ दाजी लाड आणि आत्माराम पांडुरंग होते.

प्रेताजवळचे शिक्षण

वैद्यकाच्या पहिल्या वर्षाची ओळख म्हणजे शवविच्छेदन. हे पाश्चात्त्यांनी आणले असा एक समज आहे. सुश्रुतसंहितेत त्याची कृती दिली आहे. आतड्यातील मळ काढून टाकलेले प्रेत गवताने वेढायचे, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात आडबाजूला ठेवायचे. सात दिवसांनी ते चांगले कुजले की वाळ्याच्या किंवा तशाच कुंच्याने हळूहळू घासत एकेक थर उलगडून पाहायचा. सुरीऐवजी इथे कुजण्याच्या क्रियेचा उपयोग केला आहे. त्यामुळे हाडे आणि सांधे चांगले दिसत असणार, पण मऊ इंद्रियांचा बारीक तपशील टिकत नसणार. सुश्रुताने हाडे ३०० मोजली, आज आपण प्रौढ माणसात २०६ मोजतो. त्याच्या मोजणीत दात आणि कूर्चाही होत्या, हे लक्षात घेतले की फरक बराचसा उलगडतो.

पुढे ही परंपरा लोपली आणि प्रेताला शिवणे हा विटाळ झाला. कलकत्त्यात १८३६ साली मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केले, तेव्हा ती मोठी सामाजिक घटना ठरली. मधुसूदन हे संस्कृत वैद्यक शिकलेले पंडित होते.

तेव्हा प्रेत टिकवणे ही मोठीच अडचण होती. १८९३ साली फर्डिनांड ब्लुम या जर्मन डॉक्टरने फॉर्मॅलिनचा गुण ओळखला. फॉर्मॅल्डिहाइडचे रेणू प्रथिनांच्या साखळ्यांमध्ये पूल बांधतात. असे बांधलेले प्रथिन जिवाणूंना सहज फोडता येत नाही, म्हणून ऊतक कुजत नाही आणि घट्ट होते. आपल्याकडच्या उन्हाळ्यातही विद्यार्थ्यांना महिनोन् महिने एकाच शरीरावर काम करता येते, ते यामुळे. शरीरे मिळण्याची कायदेशीर वाट १९४९ सालच्या मुंबई शरीरशास्त्र कायद्याने करून दिली. त्यानुसार बेवारस मृतदेह शिक्षणासाठी देता येऊ लागले. आता अनेक जण स्वेच्छेने देहदान करतात.

दोन दारे

ग्रँट कॉलेजातून पदवी घेऊन निघणारे डॉक्टर मोजके होते आणि ते बहुधा शहरांतच राहत. तालुक्याच्या दवाखान्यात कोणाला पाठवायचे, हा १८२६चाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. उत्तरही तेच निघाले. १८६०च्या दशकात ग्रँट कॉलेजातच मराठी आणि गुजराती वर्ग सुरू झाले. मराठीतून वैद्यक शिकवण्याचा हा दुसरा प्रयत्न.

या वर्गांसाठी पुस्तके लागली आणि ती लिहिली गेली. डॉ. सखाराम अर्जुन हे त्यांतले महत्त्वाचे लेखक. वैद्यकाची तत्त्वे, प्रसूतिशास्त्र अशा विषयांवर त्यांनी मराठीत लिहिले. ते वनस्पतिशास्त्राचेही जाणकार होते. १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली तेव्हा संस्थापकांत दोन भारतीय होते, एक सखाराम अर्जुन आणि दुसरे वर आलेले आत्माराम पांडुरंग. सखाराम अर्जुनांची सावत्र मुलगी रखमाबाई पुढे लंडनला जाऊन १८९४ साली डॉक्टर झाली. बापाने मराठीत प्रसूतिशास्त्र लिहिले आणि मुलीला ते शिकायला इंग्रजीत, सातासमुद्रापार जावे लागले.

पुण्याच्या आनंदीबाई जोशींची वाटही तीच. त्या १८८३ साली फिलाडेल्फियाला गेल्या, १८८६ साली पदवीधर झाल्या आणि १८८७च्या फेब्रुवारीत पुण्यात वारल्या. त्यांचे नाव सर्वांना माहीत असते. पण त्यांचा प्रबंध हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र या विषयावर होता, हे फारसे सांगितले जात नाही. जुने संस्कृत ज्ञान आणि नवे वैद्यक एकमेकांशेजारी ठेवून पाहण्याचा तो प्रयत्न होता.

पुण्यात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभारलेले रुग्णालय १८६७ साली तयार झाले. १८७०च्या दशकात त्याच्या आधाराने वैद्यकीय शाळा सुरू झाली. बैरामजी जीजीभॉय यांच्या नावाची ही बी. जे. मेडिकल स्कूल. इथे पदवीधर डॉक्टर तयार होत नसत. इथून निघत ते हॉस्पिटल असिस्टंट, म्हणजे गावोगावच्या सरकारी दवाखान्यांत जखमा बांधणारे, ताप पाहणारे, साथीच्या दिवसांत धावणारे लोक. त्यांचे शिक्षण मराठीतून होई.

अशा रीतीने वैद्यकाच्या इमारतीला दोन दारे झाली. इंग्रजीच्या दारातून जाणारा पदवीधर, मान आणि पगार दोन्ही मिळवणारा. मराठीच्या दारातून जाणारा मदतनीस, त्याचा हुद्दाही खालचा आणि पगारही. मराठीचे पुढे काय झाले, ते या व्यवस्थेतच ठरून गेले. मराठीतून शिकणे म्हणजे खालच्या जागेसाठी शिकणे, असे समीकरण बनले. साहजिकच मराठी दाराने आत गेलेल्यांनाही इंग्रजी दार हवेसे वाटू लागले. १९१२ साली मुंबईत कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स ही परीक्षा घेणारी संस्था स्थापन झाली. तिची एल.सी.पी.एस. ही परवान्याची परीक्षा देऊन शाळांतले विद्यार्थी डॉक्टर होऊ लागले आणि तो अभ्यास इंग्रजीत गेला.

शब्दांची अडचण

मराठीतून वैद्यक शिकवणे तेव्हा कितपत सोपे होते? स्नायू हा एकच शब्द घेऊ. सुश्रुताच्या ग्रंथात स्नायू म्हणजे बांधून ठेवणारे दोरीसारखे भाग, आजच्या भाषेत अस्थिबंध आणि कंडरा यांच्या जवळचे. मांसल भागाला तिथे पेशी म्हटले आहे. मराठी शालेय पुस्तकांत स्नायू म्हणजे आकुंचन पावणारा मांसल भाग, आणि पेशी म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा सजीवाचा एकक. बंगालीत स्नायू म्हणजे संवेदना वाहून नेणारा तंतू. एकाच संस्कृत शब्दाचे तीन ठिकाणी तीन अर्थ!

मज्जा हा शब्द असाच. मूळ अर्थ हाडातला मगज. तरी मराठीत मज्जातंतू आणि मज्जारज्जू रूढ झाले. अलीकडची पाठ्यपुस्तके चेतासंस्था आणि मेरुरज्जू म्हणतात. बोलीत 'शीर' म्हटले की रक्तवाहिनीही, चेतातंतूही आणि कंडराही. 'मानेची शीर आखडली' असे सांगणाऱ्याला यातले काय अभिप्रेत असते, ते हात लावून पाहिल्याशिवाय डॉक्टरला कळत नाही.

याचा अर्थ मराठी अपुरी आहे असा नव्हे. इंग्रजीतले शरीरशास्त्राचे शब्दही बहुतेक लॅटिन आणि ग्रीक आहेत आणि तेही एके काळी गोंधळाचेच होते. युरोपातल्या शरीरशास्त्रज्ञांनी १८९५ साली बाझेल येथे एकत्र बसून हजारो नावांतून एकेक निवडले. एका अर्थाला एक शब्द हा करार आहे. तो शिक्षक, लेखक आणि परीक्षक सतत वापरत राहिले तरच टिकतो. मराठीत वैद्यकाची परीक्षाच उरली नाही, तेव्हा तो करार पुरा होण्याआधीच सुटला.

१९४६ : एकच दार

१९४३ साली सरकारने देशाच्या आरोग्याची पाहणी करायला समिती नेमली. अध्यक्ष होते सर जोसेफ भोर. जन्म नाशिकचा, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. समितीचा अहवाल १९४६ साली आला. त्यात दिलेले आकडे वर्गात फळ्यावर मांडण्यासारखे आहेत. अविभाजित हिंदुस्थानात नोंदणी झालेले डॉक्टर सुमारे ४७,५००, म्हणजे ६,३०० लोकांमागे एक. त्यांपैकी पदवीधर १७,६५४ आणि परवानाधारक २९,८७०. पाचांपैकी तीन डॉक्टर त्या दुसऱ्या दाराने आलेले होते.

समितीच्या बहुमताने ठरवले की यापुढे देशात एकाच प्रकारचा मूलभूत डॉक्टर असावा, विद्यापीठाची पदवी घेतलेला. साधने थोडी आहेत, ती एकाच चांगल्या अभ्यासक्रमावर खर्च करावीत. गरिबाला अर्धशिक्षित आणि श्रीमंताला पूर्ण शिक्षित डॉक्टर, हा भेद संपावा. डॉक्टराने समाजाचाही वैद्य व्हावे म्हणून तीन महिने प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकासाठी ठेवावेत. सहा सभासदांनी मात्र वेगळे मत नोंदवले. खेड्यांना डॉक्टर आज हवेत आणि पदवीधरांची संख्या वाढायला फार वर्षे लागतील, तोवर परवाना अभ्यासक्रम चालू ठेवावा, असे त्यांचे म्हणणे होते.

बहुमताचे म्हणणे अमलात आले. त्याच वर्षी बी. जे. मेडिकल स्कूलचे महाविद्यालय झाले. जुन्या परवानाधारकांना थोड्या मुदतीच्या अभ्यासाने पदवी घेण्याची सोय झाली. १९४९ साली पुणे विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा महाविद्यालय त्याच्याकडे आले आणि १९९८ नंतर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे गेले.

आम्हाला वाटते, शास्त्राच्या दृष्टीने बहुमत बरोबर होते. जीवरसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र यांची वाढ इतकी झपाट्याने होत होती की अपुऱ्या पायावरचे शिक्षण थोड्याच वर्षांत कालबाह्य झाले असते. पण सहा जणांची भीतीही खरी ठरली. पदवीधर शहरात राहिला आणि तालुक्याच्या दवाखान्यातली खुर्ची बऱ्याचदा रिकामी राहिली.

तिसरा प्रयत्न, कॉलेजाबाहेर

ती रिकामी जागा भरायचा तिसरा प्रयत्न कॉलेजांच्या बाहेर झाला. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केले. गावाने निवडलेल्या, अनेकदा अक्षरओळखही नसलेल्या बायकांना त्यांनी मराठीतून आरोग्यशास्त्र शिकवले. बाळंतपण, अतिसार, लसीकरण, कुष्ठरोगाची लक्षणे हा त्यांचा अभ्यासक्रम. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातून डॉ. बानू कोयाजींनी वढू परिसरात असेच काम उभे केले.

या शिक्षणाने फरक पडतो का, हे मोजून पाहण्याचे काम गडचिरोलीत झाले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतल्या आरोग्यदूत स्त्रियांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले. गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे, वजन करणे, ऊब राखणे, जंतुदोष ओळखून प्रतिजैविक देणे अशी ती कामे होती. तुलनेसाठी ४७ गावे घेतली होती. सुरुवातीला दोन्हीकडे हजार जन्मांमागे सुमारे ६० नवजात बाळे दगावत. तीन वर्षांनी आरोग्यदूतांच्या गावांत हा आकडा साधारण २५ वर आला, तुलनेच्या गावांत तो ६०च्या आसपासच राहिला. हा अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

यावरून एम.बी.बी.एस. मराठीतून करावे, असे सिद्ध होत नाही. नेमके काम, नेमके शब्द आणि सतत देखरेख असेल तर वैद्यकातला कठीण भागही मराठीतून शिकवता येतो, एवढे मात्र सिद्ध होते. पूर्ण पदवीचे गणित वेगळे आहे. नवे संशोधन इंग्रजीत येते आणि डॉक्टरला ते आयुष्यभर वाचावे लागते. २०२२ साली मध्य प्रदेशात पहिल्या वर्षाची पुस्तके हिंदीत निघाली, त्यांत बहुतेक तांत्रिक शब्द इंग्रजीच, फक्त देवनागरीत आहेत. कदाचित सुरुवात करण्याची ती एक व्यवहारी वाट असेल. पण मराठीतून शिकलेल्याला खालची जागा, ही १८७०च्या दशकातली अट पुन्हा येणार असेल, तर कितीही चांगली पुस्तके लिहून उपयोग होणार नाही.

रुग्णाची भाषा

एक गोष्ट मात्र आजच करता येण्यासारखी आहे. रुग्णाची हकीकत घेणे हे निदानाचे पहिले साधन आहे, आणि दुखण्याच्या बाबतीत मराठी फार श्रीमंत आहे. कळ येते म्हणजे थांबून थांबून दुखते. आतडे किंवा मूत्रवाहिनी यांसारखी पोकळ नळी अडथळ्याविरुद्ध आकुंचन पावते तेव्हा असे होते. ठणका म्हणजे नाडीबरोबर उसळणारे दुखणे. सुजलेल्या, पू धरलेल्या भागात रक्ताचा प्रत्येक ठोका जाणवतो. जळजळ बहुधा आम्लाची. मुंग्या येणे चेतातंतूंचे लक्षण. पोटरीत गोळा येणे म्हणजे स्नायू आखडून राहणे. चमक निघते, उसण भरते, रग लागते, ठुसठुसते. यांतला प्रत्येक शब्द शरीरातल्या वेगळ्या घटनेकडे बोट दाखवतो. साडेचार वर्षांचा अभ्यास आणि वर्षभराची आंतरवासिता करणाऱ्या विद्यार्थ्याला हे शब्द नीट येत नसतील, तर रुग्ण सांगत असूनही त्याला ऐकू येणार नाही.

हे काम शाळेत सुरू होऊ शकते. शरीरसंस्था शिकवताना मुलांना घरून दुखण्याचे शब्द गोळा करून आणायला सांगावे. आजीचे, शेतावरच्या मजुराचे, शेजारच्या तालुक्यातले. मग प्रत्येक शब्दासमोर लिहावे : दुखते कुठे, किती वेळ, कशाने वाढते, कोणते इंद्रिय. विज्ञान आणि मराठी या दोन्ही विषयांचा तो एकच तास होईल. त्या वर्गातून पुढे बी. जे.ला जाणारी एखादी मुलगी इंग्रजी पुस्तकांत कितीही बुडाली, तरी ससूनच्या वॉर्डात 'आजी, कळ येते का ठणकतंय?' असे तिला विचारता येईल, आणि उत्तर ऐकून हात नेमका कुठे ठेवायचा हेही कळेल.